पर्सेंटाइलचा हिशेब

परीक्षेत पडलेले गुण टक्क्यांत मोजण्याची रीत आपल्या घरोघरी इतकी मुरलेली आहे की, पस्तीस म्हणजे उत्तीर्ण, साठ म्हणजे प्रथम श्रेणी आणि पंचाहत्तर म्हणजे विशेष प्रावीण्य हे कोष्टक ज्या आजोबांनी स्वतः शाळेची पायरी कधी चढली नाही त्यांनाही मुखोद्गत असते. आणि म्हणूनच बारावीच्या निकालाच्या आगेमागे जेव्हा राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सर्वतोमुखी जिला सीईटी म्हणतात तिचा, निकाल येतो आणि दशांशचिन्हापुढे सात आकडे असलेली एक संख्या हाती पडते, तेव्हा त्या संख्येलाही त्याच जुन्या कोष्टकात बसविण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. जळगावच्या एखाद्या सुविधा केंद्रावर कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेला यावल-रावेरकडचा केळीउत्पादक बाप टेबलापलीकडच्या तरुणाला विचारतो, ‘भाऊ, पोराले अठ्ठ्याऐंशी पडले, म्हनजे डिस्टिंक्शनच ना?’ आणि तो तरुण, मागे उभ्या असलेल्या गर्दीकडे एक नजर टाकून, ‘काका, हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे,’ एवढे सांगून मोकळा होतो. उत्तर बरोबर असते. पण त्याने काकांच्या ज्ञानात कसलीच भर पडत नाही. त्या उत्तराचा उरलेला भाग सविस्तर सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की परीक्षा दोन भिन्न कारणांसाठी घेतल्या जातात आणि त्या दोन कारणांची गल्लत हेच बहुतेक गैरसमजांचे मूळ असते. एका परीक्षेचा हेतू दाखला देण्याचा असतो: अमुक विद्यार्थ्याला अमुक विषय पुरेसा अवगत आहे, असे प्रमाणपत्र तिने द्यायचे असते आणि सगळेच विद्यार्थी हुशार निघाले तर सगळ्यांनाच उत्तीर्ण करण्यास तिची हरकत नसते. दुसऱ्या परीक्षेचा हेतू निवडीचा असतो. जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित अशा प्रसंगी कोणास आधी बोलवावे आणि कोणास नंतर, एवढाच निवाडा तिने करायचा असतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाल्यावर सुरू झालेली मॅट्रिकची परीक्षा ही नावाने प्रवेश परीक्षा असली तरी प्रकृतीने दाखल्याची परीक्षा होती, कारण महाविद्यालयांतील जागा थोड्या असल्या तरी मॅट्रिक होणारे त्याहून थोडे होते. खानदेशापुरते बोलायचे तर अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. त्यापूर्वी धुळ्या-जळगावच्या मुलाला पदवीचे शिक्षण घ्यायचे तर खानदेशाबाहेरची वाट धरणे प्राप्त होते, आणि त्या वाटेवर त्याची अडवणूक होई ती गुणांपेक्षा खर्चाने.

चित्र पालटले ते १९८३ नंतर. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. जळगावनजीक बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. पुढे धुळे, भुसावळ, शिरपूर अशा ठिकाणीही महाविद्यालये उभी राहिली, १९९० च्या १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आज ज्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, आणि १९९६ साली जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आले. जागा वाढल्या, पण त्याबरोबर प्रवेशाच्या व्यवहारातील तक्रारी आणि खटलेही वाढले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या आणि २००५ साली पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात खासगी संस्थांचे हक्क मान्य करतानाच प्रवेश मात्र न्याय्य, पारदर्शक आणि गुणवत्तेवर आधारलेल्या पद्धतीने झाले पाहिजेत, असा दंडक घालून दिला. महाराष्ट्राने २०१५ साली प्रवेश व शुल्क यांचे विनियमन करणारा कायदा केला आणि त्याच कायद्यान्वये राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष अस्तित्वात आला. तात्पर्य, बारावीची परीक्षा दाखला देते आणि सीईटी निवड करते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीत भौतिक, रसायन आणि गणित यांसारख्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात, तो दाखल्याचा भाग झाला. त्या उंबरठ्यापलीकडचा सारा क्रम सीईटी ठरविते.

आता त्या परीक्षेचे स्वरूप थोडक्यात पाहू. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यास भौतिक व रसायन मिळून १०० गुणांची एक आणि गणिताची १०० गुणांची दुसरी, अशा नव्वद-नव्वद मिनिटांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असून, अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे वीस आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे ऐंशी टक्के भार असतो. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. त्यामुळे प्रश्न न वाचताच चारांपैकी एक पर्याय निवडीत गेलेल्या उमेदवारालाही संभाव्यतेच्या नियमाने दोनशेपैकी पन्नासच्या आसपास गुण मिळावयाचे, हेही येथेच नमूद करून ठेवू, कारण त्याचा संबंध पुढे येणार आहे.

२०१८ पर्यंत ही परीक्षा कागदावर, सर्वांना एकाच वेळी होत असे आणि गुणांची तुलना सरळ करता येई. २०१९ पासून ती संगणकावर घेतली जाऊ लागली. लाखो उमेदवारांना एकाच वेळी बसविता येतील इतके संगणक कोठेही एकत्र उपलब्ध नसल्यामुळे परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते आणि साहजिकच प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कितीही दक्षता घेतली तरी दोन प्रश्नपत्रिका काठिण्यात तंतोतंत सारख्या निघणे अशक्य. मग सोमवारी सकाळी सोपी प्रश्नपत्रिका मिळालेल्या धुळ्याच्या मुलीचे १२४ गुण आणि बुधवारी दुपारी अवघड प्रश्नपत्रिका मिळालेल्या चोपड्याच्या मुलाचे ११० गुण यांत सरस कोण, हा प्रश्न गुणांच्या भाषेत सुटत नाही. तो सोडविण्यासाठी पर्सेंटाइलची, पारिभाषिक मराठीत ज्याला शततमक म्हणतात त्याची, योजना झाली.

ही कल्पना खानदेशातील शेतकऱ्याला समजावून सांगणे वास्तविक अवघड जाऊ नये, कारण महसूल खात्याच्या आणेवारीशी, आजच्या पैसेवारीशी, त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे. पैसेवारी काढताना गावाचे प्रमाणभूत उत्पन्न शंभर पैसे धरतात आणि प्रत्यक्ष पीक त्याच्या मानाने किती आले ते पाहतात; पन्नास पैशांखाली आले तर टंचाईची परिस्थिती मानली जाते. परीक्षेची टक्केवारी ही नेमकी या जातीची मोजणी आहे: पूर्ण गुण इतके, मिळाले इतके. आता असे समजा की, तलाठ्याने पैसेवारी न काढता निराळाच प्रश्न विचारला: या शिवारातील शंभर खातेदारांपैकी किती जणांचे पीक तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी आले? दुष्काळी वर्षी ज्याच्या शेतात जेमतेम तीस पैसे पीक उभे आहे तोही या हिशेबाने नव्वदांच्या पुढे असू शकेल, कारण बाकीच्यांचे त्याहून वाईट आहे. आणि सुकाळात ऐंशी पैसे पीक काढणाराही चाळिसावर राहील, कारण सगळ्यांचेच उत्तम आले आहे. हा दुसरा आकडा म्हणजे पर्सेंटाइल. शेत किती पिकले, हे तो सांगत नाही. शिवारात तुमचा क्रम कुठे लागतो, एवढेच सांगतो.

सीईटीचे सूत्र याच प्रश्नाचे गणिती रूप आहे. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळालेल्या उमेदवारांची संख्या घ्यावी, तिला त्या सत्रात हजर असलेल्या एकूण उमेदवारांच्या संख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. एका सत्रात २४,००० उमेदवार बसले आणि त्यांतील २१,६०० जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी असले, तर आपले पर्सेंटाइल बरोबर ९०. आपल्यापुढे आणखी एक उमेदवार सरकला की फरक पडतो तो ०.००४१६६७ चा. सात दशांश स्थळांचे रहस्य एवढेच, की लाखोंच्या गर्दीत एकाच आकड्यावर अनेकांची टक्कर शक्य तितकी टळावी. तरीही ती झालीच तर आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे आणि मग रसायनशास्त्राचे पर्सेंटाइल पाहून क्रम लावतात. वर उल्लेखिलेल्या धुळ्याच्या मुलीच्या सत्रात १२४ गुणांना आणि चोपड्याच्या मुलाच्या सत्रात ११० गुणांना ९५ पर्सेंटाइल येत असेल, तर दोघे समसमान मानले जातात आणि चौदा गुणांचा फरक प्रश्नपत्रिकेच्या पदरी टाकला जातो.

या सगळ्या रचनेचा पाया एका गृहीतकावर उभा आहे, आणि ते जाणत्या वाचकाने विसरू नये: प्रत्येक सत्रातील उमेदवारांचा समूह पुरेसा मोठा असून त्यांची वाटणी यदृच्छेने झालेली आहे, सबब एका सत्रात सगळे हुशार आणि दुसऱ्यात सगळे कच्चे असे घडलेले नाही. हजारोंच्या समूहात हे गृहीतक बव्हंशी टिकते. प्रश्नपत्रिकाच सदोष असेल तर मात्र सूत्र काहीही सावरू शकत नाही. २०२५ च्या २७ एप्रिलला सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका आढळल्या, तेव्हा त्या सत्रातील सुमारे सत्तावीस हजार विद्यार्थ्यांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. काठिण्य सर्वांना सारखेच जाचते म्हणून ते वजा करता येते. चुकीचा प्रश्न मात्र कोणाचा वेळ खातो आणि कोणाचा खात नाही, त्यामुळे त्याची वजावट कोणत्याही भागाकाराने होत नाही.

येथून पुढे ज्या गैरसमजांमुळे घरोघरी विनाकारण आनंद किंवा विनाकारण शोक होतो, त्यांचा क्रमाने परामर्श घेऊ.

पहिला गैरसमज असा की, एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी. गुणपत्रिकेवर भौतिक, रसायन आणि गणित यांचे आकडे स्वतंत्र ओळींत आणि त्यांच्याखाली एकूण आकडा छापलेला असल्यामुळे ही समजूत सहज होते. प्रत्यक्षात एकूण गुणांची बेरीज करून तिचा हिशेब नव्याने मांडलेला असतो. एखाद्या मुलीला तीनही विषयांत ९५ च असले तरी तिचे एकूण पर्सेंटाइल बहुधा ९५ हून अधिक येते, कारण एकेका विषयात तिच्या पुढे असणारे पाच-पाच टक्के लोक पुष्कळसे निरनिराळे असतात. तिन्ही विषयांत एकदम तिच्यापुढे असणारे त्या मानाने विरळा.

दुसरा गैरसमज असा की, शंभर पर्सेंटाइल म्हणजे पैकीच्या पैकी गुण. सूत्रात आपल्याइतके गुण असलेल्यांत आपणही मोडतो. त्यामुळे प्रत्येक सत्रात जो पहिला येतो त्याला, त्याचे गुण दोनशेपैकी कितीही असोत, शंभरच मिळतात. वृत्तपत्रांत दरवर्षी शंभर पर्सेंटाइलवाल्यांची जी रांगेने छायाचित्रे छापून येतात, त्यांची संख्या एकाहून अधिक का असते, याचे उत्तर सत्रांच्या संख्येत आहे.

तिसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक आहे. पर्सेंटाइलच्या पायऱ्या गुणांच्या दृष्टीने समान उंचीच्या नसतात. नुसत्या अंदाजानेही पन्नासच्या आसपास गुण पडतात हे वर आलेच आहे. त्यामुळे खालच्या आणि मधल्या पट्ट्यात उमेदवारांची दाटी असते आणि वरच्या टोकाला ते विरळ होत जातात. कल्पना करा की, २४,००० च्या एका सत्रात साठ आणि बासष्ट या गुणांच्या दरम्यान सातशे उमेदवार दाटले आहेत आणि एकशेसाठ व एकशेबासष्टच्या दरम्यान अवघे साठ. तर गणिताचे एक उत्तर बरोबर आल्याने पहिल्या जागी जवळजवळ तीन पर्सेंटाइलची भर पडेल आणि दुसऱ्या जागी अवघ्या पाव पर्सेंटाइलची. म्हणून साठाचे सत्तर करणे आणि नव्व्याण्णवाचे साडेनव्व्याण्णव करणे यांत अधिक कष्ट बहुधा दुसऱ्याला पडतात, आणि मध्यावरच्या दोन मुलांत पाच-सात पर्सेंटाइलचे अंतर दिसले तरी त्यांच्या ज्ञानातले अंतर तीन-चार प्रश्नांहून अधिक नसते. शेजारच्या मुलाला सत्त्याहत्तर आणि आपल्याला सत्तरच, म्हणून जेवण टाकणाऱ्या मुलाच्या आईबापांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

चौथी गोष्ट वर्षावर्षांच्या तुलनेची. गणित गटात आजकाल चार लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षा देतात. म्हणजे एक पर्सेंटाइल हे चार हजारांहून अधिक माणसांचे अंतर झाले. नव्वद पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढे चाळीस हजारांहून अधिक जण उभे असतात. परीक्षार्थी तीन लाख असते तर तीस हजार असते. तेव्हा थोरल्या भावाचे नव्वद आणि धाकट्या बहिणीचे नव्वद हे पर्सेंटाइल म्हणून सारखे असले तरी राज्याच्या गुणवत्ता यादीत दोघांच्या अनुक्रमांकांत हजारोंचा फरक पडू शकतो. प्रवेश अखेर अनुक्रमांकावर होतो. म्हणून पर्सेंटाइलबरोबर तोही लक्षात ठेवावा. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत हे ध्यानी घेतले म्हणजे, मध्यम पर्सेंटाइल असलेल्याला ‘कुठेच’ प्रवेश मिळणार नाही ही भीती किती निराधार आहे, हेही उमगते. प्रश्न कुठेतरी मिळण्याचा नसतोच. तो हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या शाखेत मिळण्याचा असतो.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा हिशेब निराळा असल्याने त्याविषयी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत, विशेषतः जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्यामुळे दोन्ही परीक्षा देणारी मुले एकाच घरात आढळतात. नीट ७२० गुणांची, देशभर एकाच दिवशी एकाच वेळी होणारी परीक्षा आहे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. सत्रे नसल्याने गुणांच्या समानीकरणाचा प्रश्न नाही आणि गुणवत्ता यादी सरळ गुणांवर लागते. पर्सेंटाइलचा उपयोग तेथे पात्रतेपुरता: खुल्या प्रवर्गाला पन्नासावे आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागास प्रवर्गांना चाळिसावे पर्सेंटाइल गाठावे लागते. पन्नासावे पर्सेंटाइल म्हणजे ३६० गुण असे समजणारे पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती अशी की, खुल्या प्रवर्गाची ही पात्रतारेषा २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. म्हणजे पूर्ण गुणांच्या चौथ्या हिश्श्यालाही ती कधी पोहोचली नाही. रेषा सरकली ती नियम बदलला म्हणून नव्हे. प्रश्नपत्रिका सोपी-अवघड झाली आणि समूहाचे मधले माणूस गुणांच्या शिडीवर वरखाली झाले, म्हणून. २०२३ मध्ये ७२० पैकी ७२० गुण दोघांना होते, २०२४ च्या पहिल्या निकालात ते ६७ जणांना होते, आणि २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच ६८६ गुण होते. ‘मागच्या वर्षी इतक्या गुणांना सरकारी मिळाले होते,’ हे वाक्य म्हणूनच नीटच्या बाबतीत सर्वांत फसवे. पात्र ठरणे आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळणे यांत तर गुणांचे शेकड्यांचे अंतर असते, हे निराळे सांगायला नकोच.

माणसांच्या समूहाला क्रमाने उभे करून शंभर भागांत विभागण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन याने उंची, वजन, हाताचा जोर यांच्या मोजणीसाठी रूढ केली. पुढे अमेरिकेत १९२६ साली महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट ही परीक्षा सुरू झाली. तेथेही कालांतराने परीक्षार्थींचा समूह इतका बदलला की सरासरी मूळ जागेवरून ढळली आणि १९९५ साली गुणांची सगळी मोजपट्टी नव्याने बसवावी लागली. एकाच क्षमतेच्या विद्यार्थ्याला नव्या पट्टीवर अधिक गुण दिसू लागले. मात्र अमेरिकेतील महाविद्यालये सॅटच्या जोडीला शाळेतील कामगिरी, शिफारसपत्रे, निबंध असे बरेच काही पाहतात. आपल्याकडे सगळा भार एका आकड्यावर आहे. त्यात वशिल्याला वाव राहत नाही हा त्याचा मोठा गुण. आणि एका दुपारच्या तापाने वर्षाचे कष्ट वाया जाऊ शकतात, हा तेवढाच मोठा दोष.

आता कट-ऑफकडे वळू. महाविद्यालयाचे संचालक एखाद्या बंद खोलीत बसून यंदाचा कट-ऑफ ठरवितात, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. कट-ऑफ कोणीही ठरवीत नाही. जागावाटपाची फेरी पूर्ण झाल्यावर त्या शाखेच्या त्या प्रवर्गातील शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचा जो अनुक्रमांक आणि जे पर्सेंटाइल, तोच त्या फेरीचा कट-ऑफ. म्हणजे ती घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असते, पुढच्या वर्षाचा हुकूमनामा नव्हे. दरवर्षी फेरीनिहाय प्रसिद्ध होणाऱ्या या याद्या उघडल्या की प्रथम डोळे फिरतात, कारण प्रत्येक शाखेखाली इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक रकाने असतात आणि प्रत्येक चौकटीत वर एक मोठी संख्या, खाली कंसात पर्सेंटाइल. वरची संख्या राज्य गुणवत्ता यादीतील अनुक्रमांक. रकान्याच्या आरंभी ‘जी’ असेल तर तो सर्वसाधारण, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव; मधली अक्षरे प्रवर्गाची; आणि अखेरचे अक्षर ‘एच’ असेल तर स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, ‘ओ’ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, ‘एस’ असेल तर संपूर्ण राज्यासाठी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत बारावी उत्तीर्ण झालेल्याला या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा ‘एच’ रकाना पाहायचा आहे आणि पुण्या-नाशिकच्या महाविद्यालयांचा ‘ओ’. हा भेद न जाणता पुण्याच्या मुलाचा रकाना आपला समजून हुरळून जाणारे किंवा खचून जाणारे दरवर्षी भेटतात. शिक्षणशुल्क माफीच्या योजनेतील जागांचा रकाना स्वतंत्र असतो आणि त्याचा कट-ऑफ खुल्या प्रवर्गाहूनही बहुधा वर जातो, कारण तेथे जागा थोड्या आणि मागणी फार. एकाच महाविद्यालयात संगणक आणि स्थापत्य या शाखांच्या कट-ऑफमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, तो शाखांच्या योग्यतेचा नसून त्या वर्षीच्या ओढ्याचा असतो. म्हणून एकाच वर्षाची एकच फेरी न पाहता मागील दोन-तीन वर्षांच्या सगळ्या फेऱ्या, पर्सेंटाइल आणि अनुक्रमांक दोन्ही मिळवून, ताडून पाहाव्यात.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना तर मोठी शहाणी माणसे चुकतात. चढ्या कट-ऑफचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले तर खालची संधी हातची जाईल, या भयाने ती मनातले महाविद्यालय खाली ढकलतात किंवा लिहीतच नाहीत. जागावाटपाची रीत पाहता हे भय अनाठायी आहे. संगणक गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेका विद्यार्थ्याजवळ येतो, त्याची पहिली पसंती रिकामी आहे का ते पाहतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. वरची पसंती न मिळाल्याबद्दल खालच्या पसंतीत त्याचा हक्क कणभरही कमी होत नाही. जपायचे ते निराळ्याच ठिकाणी. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती जागा स्वीकारणे बंधनकारक होते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होत होते. अर्थात जे महाविद्यालय मिळाले असता आपण हसतमुखाने जाऊ तेच वर लिहावे, आणि जे मिळाले असता रडू येईल ते कितीही सुरक्षित वाटले तरी वर लिहू नये. नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

या आकड्याला काय कळत नाही, तेही सांगितले पाहिजे. जळगाव शहरातील शिकवणीवर्गात दोन वर्षे सराव परीक्षा दिलेला मुलगा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून आश्रमशाळेत शिकून आलेली, संगणकावर पहिलीच परीक्षा देणारी मुलगी यांना एकच सूत्र लागू होते. सूत्राला दोघांची वाट दिसत नाही, फक्त मुक्काम दिसतो. त्यामुळे त्या मुलीचे सत्तर आणि त्या मुलाचे पंच्याऐंशी यांत अधिक मोठी झेप कोणाची, याचा निकाल सीईटी देत नाही, आणि तो देण्याचा दावाही ती करीत नाही. दावा करतो तो आपण, घरच्या ओसरीवर आणि लग्नकार्याच्या पंगतीत. पर्सेंटाइल हे एका परीक्षेतील, एका समूहातील, एका दिवसाचे स्थान आहे. त्याचा उपयोग अर्ज भरण्यापुरता आहे आणि महाविद्यालयात पहिले सत्र सुरू झाले की तो संपतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उत्तम पर्सेंटाइल मिळूनही दरवर्षी काही विद्यार्थ्यांना राखीव जागेवर पाणी सोडावे लागते, ते जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मुदतीत रुजू करता न आल्यामुळे. मुलींच्या आईबापांनी तर उत्पन्नाच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात पूर्ण सवलत आहे. जून महिन्यात तहसील कचेरी आणि सेतू केंद्र यांच्या दारात काय गर्दी असते, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना सांगणे नलगे. तेव्हा ज्यांची मुले यंदा बारावीत आहेत त्यांनी निकालाची वाट न पाहता, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच या दाखल्यांचे अर्ज दाखल करून त्यांच्या पोचपावत्या जपून ठेवाव्यात, अशी आग्रहाची विनंती आहे.